लांब म्हणजे किती लांब?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही एका शब्दाचे नाव सांगितले. चालक थोडे घुटमळले. वसंत व्याख्यानमालेची परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात तिचा पाया घातला, आणि तेव्हापासून तिच्या व्यासपीठांवर स्वराज्य, समाजसुधारणा, अर्थकारण असे जड विषय मांडले गेले. त्या मांडवात एका शब्दावर तासभर बोलायचे हे काहींना पोरकट वाटेल. परंतु शब्द हे रोजच्या नाण्यासारखे असतात. हातोहाती झिजतात, आणि त्यांच्यावर काय छापले आहे हे पाहण्याची सवड कोणाला नसते. आज एकच नाणे उजेडात धरून पाहू. ते नाणे म्हणजे इंग्रजीतला ‘लाँग’ हा शब्द, आणि त्याच्या शेजारी आमचा मराठी ‘लांब’.

या विषयाचे बीज आमच्या शाळकरी वयातले आहे, म्हणून तेवढी एक आठवण सांगतो. आमचे गाव तालुक्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी. इंग्रजीचा पहिला निबंध ‘माझे गाव’ या विषयावर लिहायचा होता. आम्ही मोठ्या ऐटीने लिहिले, ‘माय व्हिलेज इज व्हेरी लाँग फ्रॉम खेड.’ मास्तरांनी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचले आणि विचारले, “का रे, तुझे गाव काय पडवळ आहे?” वर्ग हसला. वाक्यावर तांबडी रेघ बसली. चूक झाली हे खरेच होते. पण ती का झाली, हे आम्हांस कोणी सांगितले नाही, आणि पुढे कित्येक वर्षे इंग्रजीत तोंड उघडताना ते पडवळ आमच्या डोळ्यांपुढे लोंबत असे.

श्रोतेहो, ती चूक अज्ञानाची नव्हती. ती मराठीच्या ज्ञानाची होती. मराठीत काठी लांब असते आणि दापोलीही लांब असते. वस्तूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे माप आणि आपल्यापासून त्या ठिकाणापर्यंतचे अंतर, या दोन्ही गोष्टी आम्ही एकाच शब्दाने सांगतो. इंग्रजाने त्यासाठी दोन शब्द ठेवले आहेत. काठीला ‘लाँग’ आणि दापोलीला ‘फार’. मराठीच्या घरात वाढलेले मूल इंग्रजीच्या दारात आले, की आपल्या घरातली किल्ली त्या कुलपाला लावून पाहते. ती लागत नाही, यात मुलाचा दोष तो काय?

आता इंग्रजी शब्दाचा संसार पाहू. ‘लाँग’ हा इंग्रजीतला अत्यंत जुना, घरगुती शब्द आहे. तो आधी लांबीचा आणि लगोलग काळाचाही. रस्ता लाँग, तशी रात्रही लाँग. ‘हाऊ लाँग’ असे कोणी विचारले, तर तो दोरीची लांबी विचारतो आहे की मुक्कामाचे दिवस, हे पुढच्यामागच्या बोलण्यावरून ओळखायचे. ‘बिफोर लाँग’ म्हणजे लवकरच. ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज’ म्हणजे जोपर्यंत. ‘सो लाँग’ म्हणजे चक्क निरोप, आपण म्हणतो तसे ‘बरंय, येतो’. इंग्लंडच्या इतिहासात १६४० साली भरलेली एक पार्लमेंट आहे. तिचा कायदेशीर शेवट १६६० साली झाला, म्हणून तिचे नावच ‘लाँग पार्लमेंट’ पडले.

गंमत अशी की या शब्दाने मापातही अधिकपणा आणला. इंग्लंडातला जुना टन २२४० पौंडांचा, तो ‘लाँग टन’. अमेरिकेतला २००० पौंडांचा, तो ‘शॉर्ट टन’. जुन्या व्यवहारात ‘लाँग हंड्रेड’ म्हणजे शंभर नव्हे, तर एकशेवीस. म्हणजे ‘लाँग’ याचा एक अर्थ ‘ठरल्याहून थोडे जास्त’ असाही होतो.

हा शब्द आपल्या बाजारपेठेत फार पूर्वीच आला आहे. कापडाच्या दुकानात ‘लाँगक्लॉथ’ मागणारी मंडळी आजही भेटतील. हे नाव इंग्रजी. पण ते कापड मूळचे विलायतचे नव्हे. पूर्व किनाऱ्यावरचे आपले विणकर ते विणीत, त्याचे ताके लांबच लांब असत, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाऱ्यांनी त्यास हे नाव दिले. पुढे विलायतेच्या गिरण्या तसेच कापड काढू लागल्या, आणि आमचेच कापड इंग्रजी नाव धारण करून आमच्याच पेठेत परत आले. मैदानावरची ‘लाँग जंप’ मात्र आम्ही ‘लांब उडी’ करून घेतली आणि ती छान रुळली.

अलीकडच्या काळात दुसरा एक प्रयोग आला, तो ‘लाँग मार्च’. चीनमध्ये १९३४-३५ साली माओच्या सैन्याने केलेल्या प्रवासावरून तो जगभर गेला. मराठवाडा विद्यापीठास डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, म्हणून १९७९ साली जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लोक निघाले, तो ‘लाँग मार्च’. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. पुढे मार्च २०१८ मध्ये शेतकरी आणि आदिवासी बांधव नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले, त्यासही हेच नाव मिळाले. येथे ‘लांब मोर्चा’ असे कोणी म्हणाले नाही. लांब मोर्चा म्हटले की मोर्चाची रांग लांब, असा अर्थ झाला असता. चालणाऱ्यांची पायपीट आणि वाट पाहण्याची वर्षे, ही दोन्ही ‘लाँग’मध्ये मावली. परका शब्द भाषेत का टिकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. त्याला करायला काम असले की तो टिकतो.

‘लाँग’ आणि ‘लांब’ कानाला इतके सारखे लागतात, की ते भाऊभाऊ असावेत असे कोणासही वाटेल. आम्हांसही वाटत होते. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका मुळातून निघाल्या असाव्यात असे सांगितले; तेव्हापासून असे भाऊ शोधण्याचा छंद अनेकांना जडला. परंतु आवाजाचे साम्य म्हणजे रक्ताचे नाते नव्हे. अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत असे, की ‘लाँग’चा खरा भाऊबंद आपला ‘दीर्घ’ आहे. ‘दीर्घ’ याचे ग्रीक आणि रशियन भाषांतले आप्त तर उघड ओळखू येतात. कानाला जवळचा तो परका, आणि ज्याच्या आवाजात काहीच साम्य उरले नाही तो नात्यातला!

मग आपला ‘लांब’ आला कोठून? तो आला संस्कृत ‘लम्ब्’ या धातूवरून, आणि त्या धातूचा अर्थ लांब असणे हा नाहीच. त्याचा अर्थ आहे लोंबणे, खाली लटकणे. गणपतीबाप्पा लंबोदर, कारण त्याचे उदर खाली ओथंबलेले. गाढव लंबकर्ण. घड्याळातला लंबक म्हणजे लटकून झुलणारा. ‘अवलंबून असणे’ म्हणजे एखाद्याच्या आधाराने लटकणे. आम्ही आज ‘सर्व पावसावर अवलंबून आहे’ असे म्हणतो, तेव्हा आमची शेती ढगाला लटकलेली दिसते. ‘विलंब’ म्हणजे मध्येच लोंबकळत राहणे. ‘विलंबित’ लय म्हणजे सावकाश उतरणारी. भूमितीतला ‘लंब’ आणि गवंड्याच्या हातातला ‘ओळंबा’ हेही याच घरचे. दोरीला वजन बांधून गवंडी भिंतीकडेला सोडतो, ती दोरी सरळ लटकते, आणि भिंत कलली की नाही ते सांगते. जे लटकते ते खाली खाली ताणले जाते, म्हणून ते लांब झाले. लांब झाले ते दुसऱ्या टोकाला गेले, म्हणून दूर झाले. आणि जे दूर ते पोहोचायला उशीर, म्हणून विलंब झाला. एका धातूच्या पोटी एवढा विस्तार आहे.

आपल्या भातखाचरातली ‘लोंबी’ही याच गोतात बसते. भात पोसले, दाणा भरला, की लोंबी खाली झुकते. आणि येथे शेतकऱ्याच्या तोंडचे एक वाक्य आठवते, ‘पाऊस लांबला.’ हे वाक्य जूनमध्ये कोणी बोलले तर त्याचा अर्थ, मृग कोरडा गेला, पेरलेले करपते आहे, पाऊस अजून येत नाही. तेच वाक्य ऑक्टोबरात बोलले तर अर्थ नेमका उलटा. पाऊस जायचे नाव घेत नाही, कापायला आलेली लोंबी चिखलात लोळते आहे, दाण्याला कोंब फुटत आहेत. शब्द तोच, दुःख वेगळे. कोशात त्याचे दोन अर्थ दोन ओळींत लिहिता येतील. पण बोलणारा कोणत्या महिन्यात बोलतो आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तो कोश उपयोगाचा नाही. शब्दाचा अर्थ शब्दात जेवढा असतो, तेवढाच तो बोलणाऱ्याच्या पायाखालच्या मातीत असतो, हे आम्ही खाचराच्या बांधावर शिकलो.

आता जेथे इंग्रजीत ‘लाँग’ चालतो, पण मराठीत ‘लांब’ चालत नाही, त्या जागा पाहू. कारण आज खरी पडझड तेथे होत आहे. आम्ही ‘बराच वेळ’, ‘पुष्कळ दिवस’, ‘किती तरी वर्षे’ असे म्हणतो. ‘लांब वेळ’ असे मराठी माणूस म्हणत नाही. पण भाषांतरित मजकुरात ‘लांब काळासाठी’ हा प्रयोग आता वारंवार दिसतो. उदास माणसाचा चेहरा इंग्रजीत ‘लाँग’ होतो. आमच्याकडे चेहरा उतरतो, किंवा माणूस तोंड पाडून बसतो. सभेत भाषण लांबते, त्यास आम्ही ‘लांबण लावली’ म्हणतो आणि ‘लांबड लावली’ असेही म्हणतो. काम ‘लांबणीवर पडते’. गाडी ‘लांब पल्ल्याची’ असते. हे अस्सल मराठी आहे आणि त्यास तोड नाही.

काळ आणि लांबी यांचे नाते मराठीने आपल्या पद्धतीने जोडलेले आहे. ‘दिवस कासराभर वर आला’ असे आमची आजी म्हणत असे. कासरा म्हणजे बैलाचा दोर. क्षितिजापासून सूर्य किती वर चढला, हे दोराच्या लांबीने सांगायचे, आणि त्यावरून किती वेळ झाला ते समजायचे. घड्याळ नसलेल्या घरात केवढी ही सोय! अंगाच्या मापाने जग मोजण्याची तीच रीत. वीतभर पोट, हातभर काकडी, पुरुषभर पाणी. दाभोळच्या खाडीत आणि पुढे समुद्रात पाण्याची खोली वावेने मोजीत. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. आपली जगबुडी जेथे वाशिष्ठीला मिळते, तेथून खाली हेच माप चाले.

पुढे वार आला. एक वार म्हणजे छत्तीस इंच, आजच्या हिशेबाने ९१.४४ सेंटिमीटर. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि काही वर्षांत देशभर मीटर लागू झाला. दुकानदार आज मीटरने कापड फाडतो. पण लुगडे अजून नऊवारीच आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपास. परंतु ‘सव्वाआठमीटरी’ असे कोणी म्हणणार नाही! गुंठ्याचेही तसेच. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, असा १०८९ चौरस फुटांचा गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले, तरी भाऊबंदकीचा तंटा गुंठ्यातच चालतो. शास्त्रज्ञांनी १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून केली आहे. निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो, तो एक मीटर. मोजणे इतके काटेकोर झाले. तरीही आपल्या डोंगरवाडीत वाट विचारा. वाटाड्या सांगेल, ‘हे काय, हितंच हाय, हाकेवर.’ आणि मग दोन टेकड्या ओलांडाव्या लागतील! त्याला खोटे बोलायचे नसते. त्याच्या पायांना ते जवळच असते. लांब हे माप चालणाऱ्याच्या पायांवर अवलंबून असते.

श्रोतेहो, येथपर्यंतचा प्रवास मौजेचा झाला. आता या शब्दाच्या ज्या अर्थाकडे यायचे आहे, तो मौजेचा नाही. पण तो टाळला तर आजचे भाषण अप्रामाणिक होईल.

‘लांब’ हे विशेषण आहे, क्रियाविशेषण आहे, तशीच ती एक आज्ञाही आहे. ‘लांब हो.’ ‘लांब राहा.’ ‘लांबून वाढ.’ घरातल्या बाईला महिन्याचे चार दिवस आले की ‘ती लांब बसली आहे’ असे म्हणत. ज्या घरात तिचा हात सगळीकडे फिरे, त्या घराच्या एका कोपऱ्यात, पडवीत, तिचे तांब्याभांडे वेगळे. ती बसे ती जागा मोजली तर चार हातांवर. पण शब्द मात्र ‘लांब’. आणि गावाच्या कडेला राहणाऱ्या माणसांना तर हा शब्द चार दिवसांचा नव्हे, जन्माचा होता. सावली पडू नये इतके लांब, विहिरीपासून लांब, देवळाच्या पायरीपासून लांब.

येथून कशेडी उतरून पोलादपूरवरून पुढे गेले की महाड. तेथल्या चवदार तळ्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. आम्ही ती केवळ ‘लांब’ या शब्दाच्या अंगाने पाहतो. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचे ठरवले. कागदावर अंतर संपले होते. प्रत्यक्षात पाण्यापर्यंत कोणास जाता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह परिषदेच्या मांडवातून निघाले आणि तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्याले. मांडवापासून तळ्यापर्यंतची वाट ती केवढी? थोडक्या वेळात संपणारी. पण ती चालायला शतके लागली होती. त्यानंतरही कोर्टकचेरी चालली, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १९३७ साली. ज्यांचे मूळ गाव आंबडवे, आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले, त्या पुरुषाने आपल्या भाषेतल्या ‘लांब’ या आज्ञेस दिलेले ते उत्तर होते. १९५० साली राज्यघटना अमलात आली, आणि तिच्या सतराव्या अनुच्छेदाने ती आज्ञा कायद्यातून हद्दपार केली. जिभेवरून ती गेली की नाही, हे ज्याचे त्याने आपल्या घरी तपासावे.

ही आज्ञा किती सहज परत येते, हे आम्ही २०२० साली पाहिले. साथीचा रोग आला, सहा फूट अंतर ठेवा असे सांगण्यात आले. ते शहाणपणाचे होते. डॉक्टरांचे सांगणे होते आणि ते पाळणे हे कर्तव्य होते. परंतु त्याच वर्षी मुंबईहून आलेल्या आपल्याच चाकरमान्यांना कित्येक वेशींवर ‘लांब राहा’ हे शब्द कोणत्या आवाजात ऐकावे लागले? वर्षभर ज्यांच्या पैशावर घराचे छप्पर शाकारले, ते गणपतीला आले तेव्हा शाळेच्या खोलीत विलगीकरणात बसले आणि आपल्या घराचा दिवा लांबून पाहू लागले. रोगापासून लांब राहणे आणि माणसाला लांब करणे, या दोहोंत फरक आहे. तो फरक शब्दात नसतो, सुरात असतो. काही घरांनी दारात पाण्याची कळशी आणि भाकरी ठेवली, आणि लांबूनच का होईना, ‘कसा आहेस रे बाबा’ असे विचारले. त्यांचे अंतरही सहाच फुटांचे होते.

आता शेवटचा अर्थ. इंग्रजीत ‘लाँग’ हे क्रियापदही आहे, आणि त्याचा अर्थ आहे आस लागणे, तळमळणे. लांबीच्या शब्दातून आस कशी निघाली? जुन्या इंग्रजीत याची रचना अशी होती, की ‘मला लांब वाटते आहे’. ज्याची आठवण येते ते दूर आहे, वेळ सरत नाही, म्हणून मनाला सगळे लांबलेले वाटते. पुढे इंग्रजीने ती ‘मला’ची रचना सोडली आणि ‘मी’ची घेतली. मराठीने मात्र ती जपून ठेवली आहे. ‘मला आठवण येते’, ‘मला ओढ लागते’, ‘मला करमत नाही’. या वाक्यांत माणूस काही करीत नाही. त्याच्यावर काही येऊन पडते. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज आणि आजचा मराठी माणूस येथे एकाच व्याकरणात तळमळतात.

आणि जी गोष्ट इंग्रजाने लांबीतून सांगितली, ती आम्ही वाटेतून सांगितली. आम्ही वाट पाहतो. येणाऱ्या माणसाची वाट, तो ज्या रस्त्याने येईल तो रस्ता, डोळ्यांनी पाहत बसणे, म्हणजे प्रतीक्षा. खेडच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गिरणीत नोकरीला गेलेल्या धन्याच्या मनिऑर्डरीची वाट येथल्या पिढ्यांनी पाहिली. पूर्वी दाभोळ बंदरात मुंबईची आगबोट लागे, तिची वाट पाहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, त्यांत आपल्या कोकणातले किती तरी. त्या वर्षी मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या घरांना दिवस किती लांबले, हे कोणत्या मापाने मोजायचे?

मुंबई आता जवळ आली आहे असे म्हणतात. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर सुरू झाली. खेडला स्थानक झाले. कशेडीच्या पोटातून बोगदा निघाला. महामार्गाचे रुंदीकरण मात्र इतके लांबले, की त्याचे काम सुरू झाले तेव्हा पहिलीत असलेली मुले आता मतदान करू लागली आहेत. असो. किलोमीटर तेवढेच आहेत, तास कमी झाले आहेत. पण बंद घरांच्या ओट्यावर एकट्या बसलेल्या वृद्ध माणसांना विचारा, मुंबई जवळ आली का? खिशातल्या फोनवर नातवाचा चेहरा दिसतो, बोलणे होते, आणि पडदा विझला की घर पुन्हा तेवढेच लांब होते. ‘लाँग’ या शब्दाने हजार वर्षांपूर्वी हेच ओळखले होते, की लांबी काही वेळा रस्त्यात नसते, माणसात असते.

एवढ्यावर आम्ही थांबणार आहोत. जाण्यापूर्वी तीन मागण्या मागतो.

पहिली, शिक्षक मंडळींस. पोराने गावाला ‘लाँग’ म्हटले तर त्यास हसू नका. त्यास सांगा, ‘बाळा, तुझी मराठी बरोबर आहे, इंग्रजीत मात्र याला दोन शब्द आहेत.’ एवढ्या एका वाक्याने त्याला दोन भाषा मिळतील. हसण्याने एकही मिळत नाही.

दुसरी, लिहिणाऱ्यांस आणि भाषांतर करणाऱ्यांस. परका शब्द काम करीत असेल तर खुशाल घ्या. ‘लाँग मार्च’ घेतलाच आहे. पण ‘बराच वेळ’ घरात असताना ‘लांब वेळ’ विकत आणू नका.

तिसरी मागणी सर्वांस, आणि आम्हांसही. ‘लांब’ हा शब्द काठीला लावा, दोरीला लावा, रस्त्याला लावा, पावसाला लावा. माणसाला तो आज्ञा म्हणून लावू नका. घरातल्या बाईला नको, वेशीवरच्या माणसाला नको, दुरून आलेल्या आपल्या माणसाला नको. गवंडी ओळंबा सोडून भिंत पाहतो, तसा हा शब्द आपल्या बोलण्याकडेला सोडून पाहावा. बोलणे कोठे कलले आहे ते कळेल.

आमचे बोलणे लांबले, याची जाणीव आहे.